हूल आणि तिचे प्रमाण

पत्त्यांचे बहुतेक खेळ असे आहेत, की त्यांत ज्याचे पत्ते सरस त्याचा डाव. आलेल्या पत्त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेणे हे तेथील कौशल्य. पत्ते वाईट आले तर नुकसान कमी करण्यापलीकडे खेळाडूच्या हाती फारसे काही नसते. पोकर हा खेळ या सर्वांहून वेगळा आहे. येथे डाव दोन प्रकारे जिंकता येतो. एक तर शेवटी पत्ते उघडे केल्यावर ते इतरांच्या पत्त्यांहून वरचढ ठरावे लागतात, किंवा उघडण्याची वेळ येण्यापूर्वीच इतर सर्वांनी डाव सोडून द्यावा लागतो. या दुसऱ्या प्रकारात विजेत्याचे पत्ते कोणी पाहतही नाही. ते कितीही निकृष्ट असले तरी टेबलावरची सारी रक्कम त्याचीच होते.

हाती काही नसताना मोठी पैज लावून प्रतिस्पर्ध्यास डाव सोडावयास लावणे, याला इंग्रजीत ‘ब्लफ’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘हूल’ हा नेमका शब्द आहे. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू एका बाजूस झेप घेतल्यासारखे करतो आणि दुसऱ्या बाजूच्या गड्यास बाद करून परततो. पोकरमधील हूलही त्याच जातीची होय. मात्र ती शरीराने न देता पैशाने दिली जाते. खेळाच्या नियमांना ती पूर्णपणे मान्य आहे. खुणेचे पत्ते वापरणे किंवा साथीदाराशी संगनमत करणे ही लबाडी ठरते. आपल्या पत्त्यांविषयी प्रतिपक्षाचा गैरसमज करून देणे ही लबाडी मानली जात नाही.

उत्तम हूल म्हणजे धाडस, निर्विकार मुद्रा आणि थोडासा अभिनय, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो विषयाच्या कडेकडेनेच फिरतो. गेल्या शंभर वर्षांत गणितज्ञांनी या प्रश्नाचा जो विचार केला, त्यावरून असे दिसून आले आहे, की हूल ही मुख्यतः प्रमाणाची बाब आहे. किती वेळा द्यावी, कोणत्या पत्त्यांवर द्यावी आणि किती रकमेची द्यावी, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत, त्याला अभिनयाची फारशी गरज भासत नाही.

खेळाची रीत

पोकरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स व मिसिसिपी नदीच्या परिसरात झाला. नदीवर ये-जा करणाऱ्या आगबोटींनी तो दूरवर पोहोचवला. प्रारंभी तो २० पत्त्यांवर खेळत. पुढे ५२ पत्त्यांचा पूर्ण कॅट वापरात आला. त्याच्या पूर्वजांत इंग्लंडमधील ‘ब्रॅग’, फ्रान्समधील ‘पोक’ आणि जर्मनीतील ‘पोखेन’ या खेळांची गणना होते. ‘ब्रॅग’ या शब्दाचा अर्थच बढाई असा आहे. भारतात दिवाळीच्या सुमारास घरोघरी खेळली जाणारी तीन पत्ती ही या ब्रॅगचीच जवळची नातलग असल्याने, हूल म्हणजे काय हे भारतीय वाचकास वेगळे शिकवावे लागत नाही.

पोकरमध्ये पाच पत्त्यांच्या संचाची किंमत ठरलेली असते. ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यांपैकी १३,०२,५४० संचांत, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक संचांत, साधी एक जोडीही नसते व अन्य कोणताही मेळ नसतो. केवळ एक जोडी असलेले संच १०,९८,२४० आहेत. एकाच चिन्हाचे पाच पत्ते, ज्यास ‘फ्लश’ म्हणतात, ते ५,१०८ संचांतच आढळतात. आणि एकाच किमतीचे चार पत्ते असलेले संच अवघे ६२४ आहेत. या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. चांगले पत्ते क्वचित येतात. जो खेळाडू केवळ त्यांचीच वाट पाहत बसेल, तो बहुतेक डाव न खेळताच सोडून देईल.

आज सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार ‘टेक्सास होल्डेम’ या नावाने ओळखला जातो. त्यात प्रत्येक खेळाडूस दोन पत्ते झाकून दिले जातात. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी सामायिक असे पाच पत्ते उघडे मांडले जातात. प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक. आपले दोन व सामायिक पाच अशा सात पत्त्यांतून प्रत्येकाने आपला सर्वोत्तम पाचांचा संच करावयाचा असतो. पत्ते वाटल्यानंतर एकदा व सामायिक पत्ते मांडण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा पैजेच्या चार फेऱ्या होतात. आपली पाळी आली म्हणजे खेळाडू पैज लावतो, दुसऱ्याच्या पैजेची बरोबरी करतो, ती वाढवतो किंवा पत्ते टाकून बाहेर पडतो. मध्यभागी साठत जाणाऱ्या रकमेला ‘पॉट’ म्हणतात.

हुलीचे दोन हेतू

या खेळाचा गणिती विचार प्रथम ज्यांनी केला, त्यांत फ्रान्सचे एमिल बोरेल व हंगेरीत जन्मलेले जॉन फॉन नॉयमन ही दोन नावे प्रमुख आहेत. फॉन नॉयमन यांचा खेळांच्या सिद्धांतावरील मूलभूत निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाने ‘गेम थिअरी’ या ज्ञानशाखेचा पाया घातला. त्या ग्रंथात पोकर व हूल यांचे विस्तृत विवेचन आहे. बुद्धिबळात सारे मोहरे दोघांच्याही डोळ्यांसमोर असतात. तेथे लपवण्यासारखे काही नसते. मनुष्यव्यवहारात मात्र प्रत्येक पक्ष काहीतरी राखून असतो आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत निर्णय करतो. म्हणूनच फॉन नॉयमन यांना बुद्धिबळापेक्षा पोकर अभ्यासास अधिक योग्य वाटला.

त्यांच्या विवेचनाप्रमाणे हुलीमागे दोन हेतू असू शकतात. पत्ते निकृष्ट असताना ते बळकट आहेत असे भासवणे, हा पहिला व सर्वपरिचित हेतू होय. दुसरा हेतू याच्या उलट आहे. पत्ते खरोखरच बळकट असताना ते कदाचित निकृष्ट असतील अशी शंका प्रतिपक्षाच्या मनात जिवंत ठेवणे, हा तो हेतू. एखादा खेळाडू केवळ उत्तम पत्त्यांवरच पैज लावतो हे इतरांना कळून चुकले, की त्याने पैज लावताच सर्व जण पत्ते टाकतील. त्याला क्वचित मिळणाऱ्या उत्तम पत्त्यांवर कोणी पैसा लावणारच नाही. त्याने अधूनमधून हूल दिली, आणि त्यांपैकी काही पकडली गेली, तर मात्र पुढे त्याच्या खऱ्या पैजांनाही प्रतिसाद मिळू लागेल. यावरून असे म्हणता येईल, की पकडली गेलेली हूल ही सर्वस्वी वाया जात नाही. तिची किंमत नंतरच्या डावांत वसूल होते.

प्रमाणाचा हिशेब

हे तत्त्व एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोघेच खेळाडू उरले आहेत, शेवटचा पत्ता उघडा झाला आहे आणि पॉटमध्ये १०० रुपये आहेत. पहिल्या खेळाडूला १०० रुपयांची एक पैज लावता येते. दुसऱ्याने ती स्वीकारावयाची किंवा डाव सोडावयाचा. अशी स्थिती ३० वेळा आली, असे मानू. त्यांपैकी १० वेळा पहिल्याचे पत्ते अजिंक्य असतात आणि २० वेळा ते कवडीमोलाचे असतात. दुसऱ्याचे पत्ते मध्यम प्रतीचे असतात. ते हुलीला हरवतात, परंतु अजिंक्य पत्त्यांपुढे हरतात.

पहिला खेळाडू कधीच हूल देत नसेल, तर दुसऱ्याचे काम सोपे आहे. पैज लागली की डाव सोडावयाचा. पहिल्याला १० वेळा १०० रुपये, म्हणजे एकूण १,००० रुपये मिळतील.

पहिला प्रत्येक निकृष्ट हातावर हूल देऊ लागला, तर दुसरा प्रत्येक पैज स्वीकारील. मग अजिंक्य पत्त्यांवर पहिल्याला १० वेळा २०० रुपये मिळतील, परंतु २० हुलींत प्रत्येकी १०० रुपये जातील. २,००० रुपये आले आणि २,००० रुपये गेले. हाती शून्य राहिले.

आता समजा, त्याने २० निकृष्ट हातांपैकी केवळ पाचांवर हूल दिली. दुसऱ्याने नेहमी डाव सोडला, तर पहिल्याला १५ वेळा १०० याप्रमाणे १,५०० रुपये मिळतात. दुसऱ्याने नेहमी पैज स्वीकारली, तर अजिंक्य हातांचे २,००० रुपये येतात व पाच हुलींचे ५०० रुपये जातात. म्हणजे पुन्हा १,५०० रुपयेच. दुसऱ्याने काहीही केले तरी पहिल्याची प्राप्ती तीच राहते. हुलीची संख्या पाचाऐवजी दहा केली, तर दुसरा नेहमी पैज स्वीकारून ही प्राप्ती पुन्हा १,००० रुपयांवर आणतो. तेव्हा दुप्पट हूल देणारा आणि मुळीच हूल न देणारा, हे दोघेही सारखेच तोट्यात राहतात.

या उदाहरणात प्रत्येक दोन खऱ्या पैजांमागे एक हूल हे योग्य प्रमाण ठरले. पैज पॉटएवढी असल्यामुळे ते तसे आले. पैज पॉटच्या निम्मी असेल, तर तीन खऱ्या पैजांमागे एक हूल पुरते. याचे कारण असे, की १०० च्या पॉटवर ५० ची पैज लागली असता दुसऱ्याला केवळ ५० रुपये भरून १५० रुपये मिळवण्याची संधी असते. चारांतून एकदा जरी तो जिंकला, तरी त्याचे नुकसान होत नाही. पैज जितकी मोठी, तितकी हूल अधिक वेळा देता येते. पैज जितकी लहान, तितका हुलीला वाव कमी.

बचाव करणाऱ्यासही असाच हिशेब लागू पडतो. पॉटएवढी पैज आली असता त्याने निम्म्या वेळा ती स्वीकारली पाहिजे. त्याहून अधिक वेळा त्याने डाव सोडला, तर प्रतिपक्षाला कोणत्याही पत्त्यांवर हूल देऊन नफा होऊ लागेल. पैज पॉटच्या निम्मी असेल, तर तीनांपैकी दोन वेळा ती स्वीकारणे भाग आहे. कधीच फसावयाचे नाही असा निश्चय केलेला बचावकर्ता प्रत्येक पैज स्वीकारतो, आणि मग प्रतिपक्षाच्या सर्व अजिंक्य हातांची किंमत मोजतो. थोडेसे फसणे हा योग्य खेळाचाच भाग आहे.

अमेरिकन गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तीन पत्त्यांच्या खेळात हेच तत्त्व अधिक नेटके दिसते. राजा, राणी व गुलाम असे तीनच पत्ते. दोन खेळाडूंना एकेक पत्ता. प्रत्येकाने प्रारंभी एक नाणे टाकावयाचे आणि नंतर फक्त एका नाण्याची पैज लावता येते. पहिल्याने पैज न लावता पाळी सोडली, तर दुसऱ्याने राजा असता नेहमी पैज लावावी, राणी असता कधीच लावू नये, आणि गुलाम असता तीनांपैकी एकदा लावावी, असे गणित सांगते. पॉट दोन नाण्यांचा व पैज एका नाण्याची आहे. म्हणजे तीन खऱ्या पैजांमागे एक हूल हेच वरील प्रमाण येथेही सिद्ध होते. हूल गुलामावर द्यावयाची, राणीवर नव्हे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. राणी पैज न लावताही कधी कधी जिंकू शकते. गुलामाला हुलीवाचून दुसरा मार्गच नाही.

प्रमाण पाळावयाचे, परंतु क्रम मात्र ठेवावयाचा नाही. दर तिसऱ्या गुलामावर नेमाने हूल देणारा खेळाडू लवकरच ओळखला जाईल. निवड यदृच्छेने झाली पाहिजे. आणि यदृच्छा ही गोष्ट मनुष्याच्या मनाला साधत नाही. नुकतीच हूल पकडली गेली की तो बिचकतो, यशस्वी झाली की सोकावतो. म्हणून काही खेळाडू मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहतात. काटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर हूल द्यावयाची, अन्यथा नाही. निर्णय घड्याळाने केला असल्याने प्रतिपक्षाला तो खेळाडूच्या स्वभावावरून ताडता येत नाही.

कोणत्या पत्त्यांवर, कोणाविरुद्ध

प्रत्यक्ष खेळात पत्ते केवळ अजिंक्य आणि कवडीमोल अशा दोनच प्रकारचे नसतात. ज्या पत्त्यांवर आज काही नाही, परंतु पुढचा पत्ता अनुकूल आल्यास बरेच काही होऊ शकते, असे हात वारंवार येतात. त्यांवर दिलेल्या हुलीला ‘सेमी-ब्लफ’, म्हणजे अर्धी हूल म्हणतात. अमेरिकन लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी हे नाव रूढ केले. समजा, पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर एखाद्याजवळ बदामाचे चार पत्ते झाले आहेत. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदामाचे नऊ उरले आहेत. पुढच्या दोन पत्त्यांत त्यांपैकी एखादा येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. अशा हातावर पैज लावली असता दोन प्रकारे यश मिळते. प्रतिपक्षाने डाव सोडला तर पॉट लगेच हाती येतो. त्याने पैज स्वीकारली तरी फ्लश पूर्ण होण्याची आशा उरतेच. म्हणून जाणकार खेळाडूंच्या बहुसंख्य हुली डाव पुरा होण्यापूर्वी अशा अर्ध्या हुलींच्याच रूपाने दिल्या जातात.

प्रतिस्पर्ध्यांची संख्या हीदेखील महत्त्वाची बाब आहे. एक प्रतिस्पर्धी डाव सोडण्याची शक्यता ६० टक्के आहे असे धरले, तर दोघेही सोडतील याची शक्यता ३६ टक्क्यांवर येते आणि तिघेही सोडतील याची सुमारे २२ टक्क्यांवर. तीन-चार जणांना एकाच वेळी हूल देणे बहुधा पैसे फेकून देण्यासारखेच होय. त्याचप्रमाणे, जो खेळाडू पत्ते टाकावयास कधीच तयार नसतो, त्याला हूल देण्यात अर्थ नाही. हूल समजण्यासाठी समोरच्याजवळ विचार करण्याइतके कौशल्य असावे लागते; नवशिक्याला पैजेतून काय सुचवले जात आहे हे कळतच नाही, म्हणून तो फसतही नाही. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही, की हूल एक सुसंगत कथा सांगणारी असावी. प्रारंभापासूनच्या पैजा खरोखर बळकट पत्ते असणाऱ्याने लावल्या असत्या तशाच असल्या पाहिजेत. आधीच्या फेऱ्यांत निरुत्साह दाखवून शेवटी एकाएकी मोठी रक्कम टाकली, तर विचारी प्रतिपक्ष ती कथा मान्य करीत नाही.

२००३ मधील एक डाव

या सर्व बाबी एकत्र आलेला एक प्रसिद्ध डाव २००३ च्या मे महिन्यात लास वेगास येथील बिनियन्स हॉर्सशू जुगारगृहात खेळला गेला. ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ या स्पर्धेच्या मुख्य विभागात त्या वर्षी ८३९ खेळाडू उतरले होते. प्रवेशशुल्क १०,००० डॉलर होते. अखेरीस दोघे उरले. एक होता सॅम फरहा, मुरलेला व्यावसायिक खेळाडू. दुसरा टेनेसी राज्यातील हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. त्याने इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या प्राथमिक स्पर्धेतून प्रवेश मिळवला होता.

मनीमेकरकडे इस्पिकचा राजा व बदामची सत्ती होती. फरहाकडे इस्पिकची राणी व बदामची नव्वी. प्रथम उघडलेले तीन पत्ते होते इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री व इस्पिकची छक्की. फरहाची नव्व्यांची जोडी झाली. चौथा पत्ता इस्पिकची अठ्ठी आला. मनीमेकरजवळ अजून जोडीही नव्हती. परंतु इस्पिकचे चार पत्ते झाले होते आणि छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी असा क्रमही जुळत होता. त्याला न दिसलेल्या ४६ पत्त्यांपैकी १५ पत्ते फ्लश किंवा क्रम पूर्ण करणारे होते. फरहाने पैज लावली तेव्हा मनीमेकरने ती वाढवली. ही अर्धी हूल होती. फरहाने बरोबरी केली.

पाचवा पत्ता बदामची तिर्री आला. मनीमेकरच्या दोन्ही आशा संपल्या. त्याच्याजवळ राजाखेरीज काही नव्हते, आणि पत्ते उघडले असते तर तो हरलाच असता. फरहाने पाळी सोडली. मनीमेकरने आपल्या सर्व चिप्स पुढे सरकवल्या. फरहाने बराच वेळ विचार केला आणि अखेर जिंकणारी जोडी टाकून दिली.

या हुलीचे यश केवळ धैर्याचे नव्हते. टेबलावर इस्पिकचे तीन पत्ते उघडे होते. फ्लश अगर क्रम असणारा खेळाडू चौथ्या पत्त्यावर पैज वाढवील आणि शेवटी सर्व काही पणाला लावील, हे स्वाभाविक होते. कथा सुसंगत होती. शिवाय इस्पिकचा राजा मनीमेकरच्याच हाती असल्याने फरहाजवळ तो नव्हता हे निश्चित होते; त्यामुळे फरहाचा फ्लश झालेला असण्याची शक्यता तेवढी कमी होती. आणि पैज इतकी मोठी होती, की चूक झाल्यास फरहाच्या हातून विजेतेपदच जाणार होते. त्यानंतर थोड्याच वेळात मनीमेकरचा पंजी-चव्वीचा साधा हात तीन पंज्या व दोन चव्व्या असा भक्कम झाला. गुलामांची जोडी धरून बसलेल्या फरहाने सर्व चिप्स लावल्या आणि तो हरला. मनीमेकरला २५ लाख डॉलर मिळाले.

दूरदर्शनवर हा डाव असंख्य लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली आणि २००६ मध्ये ती ८,७७३ वर गेली. नव्या खेळाडूंपैकी अनेकांनी या डावातून फक्त धाडसाचाच धडा घेतला असल्यास नवल नाही. छायाचित्रणात निवडक रंगतदार डाव दाखवले जातात. मुकाट्याने पत्ते टाकून दिलेले शेकडो डाव प्रेक्षकाला दिसत नाहीत.

चेहरा आणि हिशेब

मग मुद्रेचे महत्त्व किती? समोरच्याचे हावभाव वाचण्यावर अमेरिकेत बरेच लिहिले गेले आहे. माइक कॅरो यांचे १९८४ चे पुस्तक त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. दुबळा खेळाडू बळाचा आव आणतो व बळकट पत्त्यांचा धनी उदासीनता दाखवतो, हे त्यातील मुख्य निरीक्षण होय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात व्यावसायिक खेळाडूंची चलचित्रे निरीक्षकांना दाखवण्यात आली. चेहरा पाहून केलेले पत्त्यांविषयीचे अंदाज योगायोगाहून सरस ठरले नाहीत. चिप्स पुढे सरकवणाऱ्या हातांची हालचाल पाहून केलेले अंदाज मात्र सरस ठरले. चेहरा आवरण्याचा सराव सर्वच करतात. हातांकडे लक्ष देण्याचे राहून जाते.

तथापि या प्रश्नाचा अधिक निर्णायक निकाल संगणकाने दिला. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘लिब्रेटस’ नावाच्या संगणक-कार्यक्रमाचा चार नामवंत व्यावसायिकांशी सामना झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम व नोम ब्राउन यांनी तो तयार केला होता. वीस दिवसांत १,२०,००० डाव झाले आणि लिब्रेटसने सुमारे १७.७ लाख डॉलर किमतीच्या चिप्सची आघाडी मिळवली. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या कार्यक्रमाने सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांना मागे टाकले. या यंत्रांना हूल द्यावयास कोणी शिकवले नव्हते. ती स्वतःशीच असंख्य डाव खेळली, आणि योग्य प्रमाणात हूल दिल्यावाचून खेळ साधत नाही हे त्या हिशेबातूनच निष्पन्न झाले. त्यांना चेहरा नव्हता, दुसऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, भीती किंवा अभिमानही नव्हता.

मनुष्याच्या बाबतीत प्रमाण बिघडते ते बहुधा याच दोन विकारांमुळे. भित्रा खेळाडू हूल देतच नाही आणि हळूहळू झिजत जातो. अभिमानी खेळाडूला प्रत्येक पॉट आपला वाटतो. हूल पकडली गेली, की तो अपमान धुऊन काढण्यासाठी दुसरी देतो, आणि नुकसान भरून काढण्यासाठी तिसरी. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. जुगारगृहाचा मालक पॉटमधून आपली नाल काढून घेतो. त्यामुळे सर्व खेळाडू मिळून एकंदरीत हरतच असतात. बरोबरीचे कौशल्य असणाऱ्यालाही अखेर तोटाच होतो. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्यामागे अशा नुकसानीने उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांचीच चिंता होती.

हुलीच्या गणिताचे मोल मात्र जुगारापुरते मर्यादित नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तपासणीची ठिकाणे व वेळा ठरवण्यासाठी २००७ मध्ये एक संगणक-प्रणाली वापरात आली. भारतीय वंशाचे संशोधक मिलिंद तांबे यांच्या गटाने ती विकसित केली होती. सर्वच दारांवर सदैव पहारा ठेवण्याइतके मनुष्यबळ नसते. तेव्हा पहारा कोठे असेल हे कोणालाही आधी ताडता येऊ नये, आणि तरीही महत्त्वाच्या दारांवर तो अधिक वेळा असावा, अशी योजना करावी लागते. रेल्वेतील तिकीट-तपासनीस आणि हिशेब तपासणारा कर अधिकारी यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. प्रत्येकाला तपासता येत नाही; परंतु कोणालाही तपासले जाऊ शकते ही शंका टिकवून ठेवता येते.

पोकरमधील हूलही हेच कार्य करते. ती त्या एका डावातील शंभर रुपयांसाठी दिलेली दिसते. तिचा खरा उपयोग पुढच्या प्रत्येक खऱ्या पैजेमागे शंका उभी करण्यात असतो. म्हणून हूल यशस्वी झाली की नाही, हे त्या डावाच्या शेवटी ठरत नाही. रात्र संपल्यावर, सर्व खऱ्या व खोट्या पैजांची बेरीज एकत्र मांडूनच ते ठरवावे लागते.